आकडा नसलेलं पान

खटखटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण विद्यापीठाच्या मागच्या दारासमोर एकतीस वर्षं टाइपरायटर बडवत बसलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, ते पहिल्या चारदोन वर्षांतच उन्हानं उडालं. मागे उरलं ते एवढंच: 'प्रबंध सुबक टाइप करून मिळतील.' आणि खाली बारीक अक्षरांत: 'प्रत्येक पान तपासून.'

ही बारीक अक्षरांतली ओळ म्हणजे खटखट्यांची अब्रू होती. बाकीचे टायपिस्ट टाइप करून गठ्ठा हातात देत आणि मोकळे होत. खटखटे तसे नव्हते. प्रबंध बांधून आला की ते त्याच्या चारही प्रती मांडीवर घेऊन पानन् पान उलटत. कुठे पान उलटं लागलंय, कुठे कार्बनची प्रत फिकी उठलीय, कुठे आकडा चुकलाय, सगळं बघत. मग गिऱ्हाइकापुढे प्रती ठेवून म्हणत, "सगळी पानं बघितली. तक्रारीला जागा नाही." हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. त्यातल्या फक्त एका वेळी ते खोटं होतं, आणि ही गोष्ट त्या एका वेळेची आहे.

दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा आणि भिंतीला चिकटलेला बाक. पण त्या बाकावर कोण कोण येऊन बसलं होतं! बेडकाच्या कानाच्या पडद्यावर सहा वर्षं घालवलेला माणूस तिथे बसून नखं कुरतडत होता. तोतरं बोलणारी मुलं गाताना का अडखळत नाहीत, ते शोधणारी बाई होती. विटा भाजताना पडणाऱ्या भेगा, कारकुनांची पाठदुखी, जुळ्या भावंडांची भांडणं, धरणातला गाळ, चोरीच्या खटल्यातल्या साक्षीदारांना चोराची चप्पल आठवते पण तोंड का आठवत नाही... सगळं त्या एका यंत्रातून गेलं. त्या यंत्राचा 'र' जरासा उडायचा, ओळीच्या केसभर वर. खटखट्यांनी तो कधी दुरुस्त करून घेतला नाही. म्हणायचे, "असू दे. आपलं पोर गर्दीत ओळखू येतं."

एवढं टाइप करून माणूस शहाणा होतो म्हणाल, तर तसंही नाही. अर्धवट होतो. नळ गळायला लागला तर खटखटे नळवाल्याला गंजाचे प्रकार समजावून सांगायचे, आणि तो बिचारा पाना हातात धरून ऐकत राहायचा. शेवटी माहेरी आलेली त्यांची थोरली बहीण आतून ओरडायची, "अरे, त्याला नळ दुरुस्त करू दे! तुझा गंज नंतर काढ!"

सगळ्या प्रबंधांत खटखट्यांचं आवडतं पान एकच, ऋणनिर्देशाचं. ते सगळ्यात शेवटी टाइप व्हायचं आणि त्याची एक ठरलेली उतरंड असायची. आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, मग प्रयोगशाळा, ग्रंथालय. शेवटून दुसरा टायपिस्ट, 'सुबक टंकलेखनाबद्दल', आणि त्याच्यामागे बांधणीवाला. हे सगळे आभाराच्या रांगेतले. मग एक ओळ मोकळी सोडायची आणि खाली ते वाक्य यायचं, जे खटखटे डोळे मिटून टाइप करू शकले असते: 'आईवडिलांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही.' कुणाचे आईवडील, कुणाची बायको, कुणाचा नवरा. शेकडो वेळा टाइप केलं त्यांनी ते. त्या ओळीत रांगेतल्या माणसाला जागा नसे. ती ओळ घरच्यांची.

ती आली तेव्हा खटखटे एकतीस वर्षांचे होते. तिचा विषय होता शेवाळ. जुन्या भिंतींवरचं शेवाळ! खटखट्यांच्या ताईनं हे ऐकलं आणि त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, शेवाळवाली. पहिल्याच दिवशी तिनं हस्तलिखित टेबलावर ठेवलं, दुकानाच्या मागे गेली आणि पंधरा मिनिटांनी कागदाच्या पुडीत काहीतरी खरवडून घेऊन आली.

"तुमच्या मागच्या भिंतीला तीन प्रकार आहेत," ती म्हणाली. "एक तर मला अख्ख्या गावात मिळालं नव्हतं."

"घरमालकाला सांगू नका," खटखटे म्हणाले. "भाडं वाढवेल."

ती हसली. झालं! एवढ्यावरच आटोपलं असतं तर बरं होतं. पण प्रबंध तीनशे बारा पानांचा होता, तिचं अक्षर डॉक्टरांसारखं होतं, आणि प्रत्येक पानाला चार शब्द विचारावे लागत. म्हणून ती रोज चार वाजता येऊन बाकावर बसायची. अडला शब्द सांगायची. मधल्या वेळात शेवाळाला मुळं नसतात हे सांगायची, ते वर्षानुवर्षं सुकून पडलं तरी पाण्याच्या एका थेंबानं पुन्हा हिरवं होतं हे सांगायची. चार महिने हे चाललं. एवढ्या वेळात खटखट्यांनी दोन प्रबंध हातावेगळे केले असते. ते मुद्दाम हळू टाइप करत होते हे बांधणीवाल्याच्या म्हाताऱ्या मांजरीलाही कळलं असतं. त्या दोघांना एकमेकांचं कळलं होतं की नाही, ते मात्र त्यांनाच ठाऊक. दोघंही एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचे आणि शेवाळाविषयी बोलायचे.

मग ऋणनिर्देशाचा दिवस आला. खटखट्यांनी हात पुढे केला, "द्या कागद."

"कागद नाही," ती म्हणाली. "हे पान मी टाइप करणार."

"तुम्ही?"

"का? तुमच्या यंत्राला चालत नाही का दुसरं कोणी?"

खटखटे उठले. तिनं कार्बन लावून घेतले, त्यांना बाहेर उभं केलं, आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत तब्बल तासभर ते पान बडवलं. बाहेर उभे राहून खटखटे मोजत होते. एका ओळीला पाच मिनिटं. मग तिनं चारही प्रती स्वतःच्या हातानं चारही गठ्ठ्यांत घातल्या, प्रमाणपत्राच्या पानाखाली. वापरलेले कार्बनसुद्धा घडी करून पर्समध्ये टाकले. कार्बन उजेडात धरला की वाचता येतो, हे तिला चार महिन्यांत कळलेलं होतं.

"आत्ता वाचायचं नाही हं," एवढंच म्हणाली आणि गेली.

आता या माणसाला काय म्हणावं, सांगा. ती म्हणाली होती, 'आत्ता' वाचायचं नाही. खटखट्यांच्या डोक्यात मात्र धंद्याचा नियम पक्का बसलेला. जे पान आपल्याला टाइप करायला दिलं नाही, ते आपलं नव्हे. परक्याचं पत्र ते. सुरुवातीच्या पानांवर आकडे टाकायला बसले तेव्हा त्यांनी तीनचं पान झालं की ते आणि त्याखालचं पान चिमटीत एकत्र धरून उचललं आणि अनुक्रमणिकेवर पाच टाकला. त्या पानावर आकडा पडला नाही. प्रती बांधून आल्या तेव्हाही तेच. चारही प्रतींचं पानन् पान तपासलं आणि तिथे आलं की मान खिडकीकडे फिरवली. केवढं जड गेलं असेल त्यांना ते! पण जमलं, आणि जमलं म्हणून स्वतःवर खूश झाले.

चार वाजता ती आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"सगळी पानं बघितलीत?" तिनं विचारलं.

एक पान सोडलं म्हणावं, तर पाटीवरच्या ओळीला बट्टा. एकतीस वर्षांचा, कामाचा गर्व असलेला माणूस. तो सवयीनं म्हणाला, "सगळी बघितली. तक्रारीला जागा नाही."

तिनं विचारलं, "मग?"

"मग काय? चारही प्रती छान उठल्यात."

तिनं मान हलवली. प्रती पिशवीत भरल्या, पिशवी दोनदा खांद्यावर नीट केली, आणि गेली. पंधरा दिवसांनी बांधणीवाल्याकडून कळलं, शेवाळवाल्या बाई परदेशी गेल्या, तिकडच्या भिंती बघायला.

खटखट्यांनी लग्न केलं नाही. ताईनं स्थळं आणली, नातेवाइकांनी आणली, एकदा तर नळवाल्यानंही आणलं. दर वेळी यांचं उत्तर एकच, "बघू." ते पान तिकडे ग्रंथालयात, रस्त्यापलीकडच्या इमारतीत, चाळीस पावलांवर होतं. पण दारावर पाटी होती: 'सभासदांखेरीज प्रवेश नाही.' सभासद व्हायचं तर विद्यार्थी हवं नाहीतर प्राध्यापक. ज्यांचे प्रबंध यांनी टाइप केले ते आत जाऊन बसत, आणि यांना मात्र दारावरचा शिपाई "काय काम?" म्हणून विचारी. काय काम म्हणून सांगणार? एकदोनदा पायऱ्यांपर्यंत गेले, आणि परत आले. काय लिहिलं होतं त्यात? एवढं काय होतं की आपल्याकडून टाइप करून घेता येईना? हा प्रश्न घेऊन ते झोपत आणि तोच घेऊन उठत. वय वाढलं, संगणक आला, दुकान बंद झालं, यंत्र घरी कपाटावर गेलं. प्रश्न तेवढा होता तिथेच.

एक्केचाळीस वर्षं गेली. ताईचे यजमान गेल्यावर ती भावाकडे राहायला आली. निवृत्त परिचारिका, शहात्तर वर्षांची, आणि टॅबलेटवर बोट असं चालवायची की जणू इंजेक्शनच देतेय. एका सकाळी चहा पिता पिता तिनं बातमी वाचली. विद्यापीठानं गेल्या साठ वर्षांतले सगळे प्रबंध स्कॅन करून एका खुल्या भांडारात ठेवले होते. कुणीही, कुठूनही वाचा. सभासदत्व नाही, शिपाई नाही.

"ऐकलंस का?" ताई म्हणाली. "तुझी सगळी पोरं फुकटात दिसणार आता."

खटखट्यांचा कप बशीवर वाजला.

त्या दिवसापासून नाश्ता झाला की दोघं खिडकीपाशी बसू लागली. आधी बेडकाचा कान काढला. तोच उडालेला 'र'! खटखटे खुर्चीतून अर्धे उठले. मग विटांच्या भेगा, मग कारकुनांची पाठ, मग जुळ्यांची भांडणं. एका दारातून दुसऱ्या दारात जावं तसं ते भांडार पुढे पुढे उघडत गेलं. इतर विद्यापीठांची, इतर देशांची भांडारंही त्याला जोडलेली होती. दवाखान्यातल्या चादरी किती वेळा धुतल्यावर विरतात, यावर कुणीतरी चार वर्षं घालवली होती. ताईनं तो अख्खा वाचला आणि म्हणाली, "हे मला नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं तर मेट्रनचं तोंड बंद केलं असतं." रिकाम्या घरात घड्याळ मोठ्यानं का वाजतं, यावर एक निबंध होता. वाट चुकलेल्या मुंगीचं काय होतं, यावर तर तीन. जगात एवढी माणसं एवढ्या बारीकसारीक गोष्टींसाठी आयुष्य वाहून बसली आहेत, आणि त्यांचं म्हणणं कुणाच्याही वाटेत न येता इथे वाट बघत पडलंय, हे बघून खटखट्यांना गलबलून यायचं. शेवाळाकडे मात्र ते फिरकत नव्हते.

बारा दिवस ताईनं सहन केलं. तेराव्या दिवशी टॅबलेट त्यांच्या मांडीवर आपटला.

"पुरे झाल्या तुझ्या मुंग्या. तिचं काढ."

"कुणाचं?"

"माझ्याशी नाटकं करू नकोस. मी तुझ्या लहानपणी तुझं नाक पुसलंय. काढ ती शेवाळवाली."

खटखट्यांनी शब्द टाइप केला. काचेवर बोट टेकवताना आवाज होत नाही, त्याची त्यांना कधी सवय झाली नाही. प्रबंध आला. मुखपृष्ठ. प्रतिज्ञापत्र. प्रमाणपत्र, पान तीन. बोटानं पान सरकवलं.

अनुक्रमणिका. पान पाच.

मागे गेले, तीन. पुढे गेले, पाच. पुन्हा मागे. ताईनं चष्मा सावरून बघितलं. "चार कुठाय रे?"

"आकडा नव्हता टाकला त्याच्यावर," खटखटे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की ताईनं उठून पाणी आणलं.

भांडाराच्या पानाखाली 'तक्रार किंवा सूचना' असा चौकोन होता. खटखट्यांनी त्यात तीन दिवस लिहिलं आणि खोडलं. शेवटी ठेवलं ते एवढंच: 'पान तीन आणि पाच यांच्यामध्ये एक पान आहे. कृपया ते घालावं. पानं तपासणारा टायपिस्ट.' खाली ताईनं फोन नंबर घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. भांडाराचं काम बघणाऱ्या बाई होत्या, आवाजावरून तिशीच्या.

"आजोबा, तुमचं बरोबर आहे. स्कॅन करणाऱ्यांना नियम दिला होता, आकडा नसलेलं पान म्हणजे कोरं समजायचं आणि सोडायचं. नाहीतर मधले रंगीत कागदसुद्धा स्कॅन होत बसतात. पण तुम्हाला कसं कळलं तिथे पान आहे?"

"मीच सोडलं होतं ते."

बाईंना अर्थबोध झाला नसावा. त्या म्हणाल्या, मूळ प्रती गोदामात गेल्यात, शोधायला आठवडा लागेल, आणि ओल लागून काही खराबही झाल्यात, त्यामुळे खात्री देता येत नाही. खटखटे "बरं" म्हणाले. तो आठवडा त्या घरात कसा गेला ते ताईला विचारा. एक्केचाळीस वर्षं धीरानं काढलेला माणूस आठ दिवसांत वेडापिसा झाला. ओलीवर शेवाळ येतं, हे तो मिनिटामिनिटाला ताईला सांगत होता. मधल्या काळात त्यानं तिचे पुढचे निबंध शोधून काढले. परक्या शहरांच्या भिंती, बंदरांच्या, दवाखान्यांच्या, तुरुंगांच्या. नाव तेच, आडनाव तेच, शेवटपर्यंत. शेवटचा निबंध अकरा वर्षांपूर्वीचा. त्यानंतर कुठल्याच भांडारात काही नाही.

"निवृत्त झाली असेल," ताई म्हणाली.

"असेल," खटखटे म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी निरोप आला: पान सापडलं, घातलंय, बघून घ्या. ताई टॅबलेट त्यांच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ उगाचच चालू केला.

कडा तपकिरी झालेलं पान होतं. दोन बोटांनी टाइप केलेलं, कुठे अक्षर ठळक, कुठे फिकं, आणि प्रत्येक 'र' केसभर वर. खटखट्यांच्या डोळ्यांना आधी चुकाच दिसल्या, तीन होत्या. मग ते वाचू लागले. मार्गदर्शकांची मी आभारी आहे. विभागप्रमुखांची, प्रयोगशाळेतल्या मदतनिसांची, ग्रंथालयाची. ज्यांनी आपल्या भिंती खरवडू दिल्या त्या घरमालकांची. मग शेवटून दुसरी जागा आली, टायपिस्टची. तिथे टायपिस्ट नव्हता. तिथे थेट बांधणीवाल्याचे आभार होते.

खटखट्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. रांगेतसुद्धा नाही? 'सुबक टंकलेखनाबद्दल' एवढंही नाही?

खाली एक ओळ मोकळी सोडलेली होती. मग शेवटचं वाक्य:

'आईवडिलांचे, आणि ज्यांनी या प्रबंधाचं हे एक सोडून प्रत्येक पान टाइप केलं, त्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही.'

'परकं' हा शब्द आधी चुकला होता. त्यावर पुन्हा ठोकून दुरुस्त केला होता, इतक्या जोरानं की कागदाला भोक पडायचं तेवढं राहिलं होतं.

सगळी पानं बघितलीत, असं तिनं दारात उभं राहून विचारलं होतं. बघितली, असं हे म्हणाले होते. मग, असं तिनं विचारलं होतं. आणि हे म्हणाले होते, चारही प्रती छान उठल्यात. एवढं वाचून एवढंच म्हणायचंय या माणसाला, असं समजून ती पिशवी खांद्यावर नीट करून गेली होती.

नळ चालूच होता. कधीतरी ताई बाहेर आली, भावाकडे बघितलं, आणि काही न विचारता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तो रडत होता, लहान पोरासारखा, हुंदके देत. "अगं, तिला वाटलं मी वाचलं," तो म्हणाला. "ताई, तिला वाटलं मी वाचलं."

दुपारी भांडाराच्या बाईंचा फोन आला.

"आजोबा, पान मिळालं ना? त्याला क्रमांक काय देऊ?"

"चार," खटखटे म्हणाले.

"दिला. मग आता सगळी पानं बघितलीत ना तुम्ही? तक्रार बंद करू?"

खटखट्यांनी तोंड उघडलं. ते वाक्य जिभेवर आलंही, सवयीचं. मग त्यांनी ते गिळलं.

"नव्हती बघितली," ते म्हणाले. "मी बघितली म्हणालो, पण एक राहिलं होतं. खोटं बोललो मी. घाबरलो होतो, आणि ते पान माझं नाही असं वाटलं होतं मला."

पलीकडे बाई जरा गोंधळल्या. "अहो, असू दे," त्या म्हणाल्या. "आलंय आता ते पान. आता कुणालाही दिसेल."